सातबाऱ्यावर काय उतरले?

दर रविवारी आपली मुले विहारात पंचशील म्हणतात. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. घरी एखादे लेकरू खोटे बोलताना सापडले की आई त्याला लगेच विचारते, "विहारात काय म्हणून आलास रे?" लेकराला एवढा जाब विचारणारे आपण, पाच वर्षांसाठी आपले मत घेऊन गेलेल्या सरकारला असा जाब कधी विचारतो काय? मंत्री सभेत शब्द देतो, आपण टाळ्या वाजवतो. शब्द मोडला की चार दिवस चरफडतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याच शब्दाला पुन्हा टाळ्या वाजवतो. चौथे शील फक्त गरिबाच्या लेकरापुरते आहे, असे भगवान बुद्धांनी तर कुठे सांगितले नव्हते!

आज हा विषय नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या निमित्ताने मांडायचा आहे. सुरगाणा म्हणजे पूर्वीचे एक लहानसे संस्थान. आज तो गुजरातच्या सीमेला लागून असलेला, डोंगरदऱ्यांचा आदिवासी तालुका आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली ही इथली माणसे. नागली, वरई, भात ही इथली पिके. अलीकडे बोरगाव, घोडांबे या बाजूला स्ट्रॉबेरीही होऊ लागली आहे. पावसाळ्यात इथे पाऊस कोसळतो. नार आणि पार या नद्या भरभरून वाहतात आणि सारे पाणी गुजरातकडे निघून जाते. उन्हाळा आला की याच तालुक्यातील आयाबहिणी हंडा घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. डोळ्यांदेखत पाणी वाहून जावे आणि घशाला मात्र कोरड पडावी, अशी ही अवस्था आहे.

जमिनीचेही तसेच. आजा-पणजापासून जी जमीन कसली, ती कागदावर वनखात्याची. माणूस तिथेच जन्मला, तिथेच राबला, आणि सरकारच्या दप्तरी मात्र तो 'अतिक्रमक' ठरला. हा अन्याय दूर करण्यासाठी संसदेने डिसेंबर 2006 मध्ये वनहक्क कायदा केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्या कायद्यातच नोंदवलेली आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत असेल, त्याला तो कसत असलेल्या जमिनीवर चार हेक्टरच्या मर्यादेपर्यंत हक्क द्यायचा, असे ठरले. दावा ग्रामसभेकडे करायचा. ग्रामसभेची वनहक्क समिती पाहणी करणार, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कायदा वाचला तर वाटते, आता काय राहिले?

राहिले ते सारे अंमलबजावणीत. दोन एकर कसणाऱ्याला काही गुंठ्यांचा पट्टा मिळाला. कुणाचा दावा का नाकारला, हे त्याला लेखी कळवलेच नाही. कुणाला पट्टा मिळाला, पण सातबाऱ्यावर नाव लागले ते 'इतर हक्कात'. कब्जेदार म्हणून नाही. मग बँक पीककर्ज देताना नाक मुरडते आणि नुकसानभरपाईच्या यादीत नाव येत नाही. कायद्याने दिले आणि कचेरीने अडवले, अशी ही गत.

म्हणून माणसे चालू लागली. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाण्याचे नेते आणि तेव्हाचे आमदार जिवा पांडू गावित हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातील आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. सुमारे 180 किलोमीटरचे अंतर, वर मार्चचे ऊन. अनेकांच्या पायांत धड चपला नव्हत्या. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. मुंबईत दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांना अडचण होऊ नये म्हणून या थकलेल्या माणसांनी विश्रांती सोडली आणि रातोरात चालून 12 मार्चच्या पहाटे आझाद मैदान गाठले. ज्यांच्या स्वतःच्या लेकरांच्या शाळेची खात्री नाही, त्यांनी मुंबईच्या लेकरांच्या परीक्षेची काळजी केली! मुंबईकरांनीही पाणी दिले, खायला दिले, पायात घालायला चपला दिल्या.

सरकारने काय दिले? लेखी आश्वासन दिले. देवेंद्र फडणवीस तेव्हा मुख्यमंत्री होते. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असा शब्द देण्यात आला. माणसे समाधानाने घरी परतली.

सहा महिने गेले, वर्ष होत आले. फेब्रुवारी 2019 मध्ये तीच माणसे पुन्हा नाशिकहून निघाली. मंत्री गिरीश महाजन यांनी बोलणी केली, पुन्हा लेखी हमी दिली, मोर्चा परत फिरला. पुढे सरकार बदलले, महाविकास आघाडीचे आले. तेही गेले. 12 मार्च 2023 रोजी दिंडोरीहून पुन्हा मार्च निघाला. मागण्यांच्या यादीत वनजमीन होतीच, शिवाय कांद्याचा भाव होता. या वेळी माणसे शहाणी झाली होती. तोंडी शब्दावर ती परतली नाहीत. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत निवेदन करावे, तसे आदेश निघावेत, मगच उठू, असे सांगून ती ठाणे जिल्ह्यात वाशिंदला बसून राहिली. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. निवेदन झाले, समिती नेमली गेली, 18 मार्चला माणसे परतली. आणि फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस त्याच भागातील आदिवासी शेतकऱ्यांना नाशिकच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर पुन्हा ठिय्या द्यावा लागला!

वाचक बंधू-भगिनींनो, नीट ध्यानात घ्या. एकच मागणी, सहा वर्षांत चार वेळा रस्त्यावर. आणि ही मागणी तरी काय होती? नवे काही मागितले नव्हते. संसदेने 2006 मध्ये जो कायदा केला, तो पाळा, एवढीच विनंती होती. सरकारने स्वतःचाच कायदा पाळावा म्हणून नागरिकाला पायाची साले काढावी लागतात, याला काय म्हणायचे?

यात एकाच पक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. कायदा झाला तेव्हा केंद्रात आणि राज्यात काँग्रेस व मित्रपक्ष होते. पुढे 2014 पर्यंत राज्य त्यांचेच होते. नंतर भाजप-शिवसेना आली, मग महाविकास आघाडी, मग महायुती. विरोधी बाकावर असताना प्रत्येकाला सुरगाण्याचा आदिवासी आठवतो आणि सत्तेच्या खुर्चीवर बसताच त्याचा विसर पडतो. खुर्ची तीच, माणूस फक्त बदलतो.

या उपेक्षेचा कळस 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसला. सुरगाण्याच्या सीमेवरील गावांनी तहसीलदारांकडे निवेदन दिले की, रस्ते, पाणी, दवाखाना, वीज देता येत नसेल तर आम्हाला गुजरातला जोडा. एकदम धावपळ उडाली. अधिकारी गावात आले, मंत्र्यांनी बैठका घेतल्या, महाराष्ट्राच्या अस्मितेची भाषणे झाली. गरोदर बाईला झोळीत घालून न्यावे लागते तेव्हा अस्मिता कुठे असते? ज्या मराठी राज्यासाठी 105 हुतात्म्यांनी प्राण दिले, त्याच राज्यातील माणसाला 'आम्हाला दुसरीकडे जाऊ द्या' असे म्हणावे लागते, ही लाज त्या माणसाची आहे की राज्यकर्त्यांची?

कुणी म्हणेल, हा आदिवासींचा प्रश्न, आपल्या पत्रात त्याचे काय काम? त्यांनी आपला इतिहास एकदा उघडून पाहावा.

डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. शेतकऱ्यांच्या हिताचा मोठा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. 1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लगेच, 17 सप्टेंबर 1937 रोजी, खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील कुळांना खोतांच्या जाचातून सोडवणारे ते विधेयक होते. फैजपूरच्या ठरावाशी इमान राखायचे तर सरकारने ते उचलून धरायला हवे होते. तसे झाले नाही. जानेवारी 1938 मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. तरीही विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. म्हणजे शेतकऱ्यांनी चालत मुंबईला जायचे आणि सरकारला त्याच्याच ठरावाची आठवण करून द्यायची, हा रस्ता सुरगाण्याच्या माणसांच्या आधी 80 वर्षे बाबासाहेबांनी घालून दिलेला आहे.

दुसरे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे, म्हणजे सुरगाण्याचे शेजारीच. 2023 चा मोर्चा निघाला तो त्यांच्याच तालुक्यातून. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात 1930 पासून झुंजलेल्या या माणसाने पुढे 6 डिसेंबर 1964 रोजी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. तीन लाखांहून अधिक माणसांनी तुरुंगवास पत्करला. आपल्या आज्या कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील मुख्य मागणी होती. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीही एक मागणी होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारने मागण्या मान्य केल्याचे सांगितले आणि सत्याग्रह थांबला.

तैलचित्र लागले 12 एप्रिल 1990 रोजी. एक चित्र भिंतीवर लावायला 25 वर्षे लागली. आणि जमीन? ती आजही आपण मागतोच आहोत.

2004 मध्ये दादासाहेबांच्याच नावाने महाराष्ट्र सरकारने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. 2018 मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली. योजना चांगली आहे, यात शंका नाही. पण सरकारने ठरवलेल्या दरात जमीन विकायला कुणी तयार होत नाही आणि अर्ज कचेरीत पडून राहतो. दादासाहेबांचे नाव मिळाले, दादासाहेबांनी मागितलेली जमीन मात्र मोजक्यांच्याच हाती आली.

इथे सत्तेची एक खोड उघडी पडते. ज्याला खर्च लागत नाही, ते सरकार देते. नाव देते, पुतळ्याला हार घालते, 14 एप्रिलला निळा फेटा बांधते, आदिवासी दिनाला तारप्यावर ताल धरते. ज्यासाठी जमीन, पाणी किंवा पैसा सोडावा लागतो, तिथे समिती नेमते. म्हणून सरकार काय बोलले यावर त्याचे मोजमाप करू नका. सातबाऱ्यावर काय उतरले, नळाला काय आले आणि अंदाजपत्रकात काय राहिले, यावर करा.

अंदाजपत्रकाचेच पाहा. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवायचा आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही, हे तत्त्व कित्येक वर्षांचे. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये वळवण्यात आले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. बहिणींना पैसे मिळू नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्यात आपल्याही बहिणी आहेत. पण बहिणीला भाऊबीज घालायची आणि तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या वाट्यातून ती रक्कम काढायची, ही कसली ओवाळणी? शिवाय 2024 च्या निवडणुकीत हप्ता 1500 वरून 2100 करण्याचा शब्द दिला होता, तो मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात आला नाही. कर्जमाफीचाही शब्द दिला होता. त्याच महिन्यात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना सांगितले की, 31 मार्चपर्यंत कर्जाचे पैसे भरा.

मग आपण करायचे तरी काय? नुसते हळहळून किंवा शिव्याशाप देऊन सरकारचे काहीच बिघडत नाही. सुरगाण्याच्या माणसांनी 2023 मध्ये जे केले, त्यातून धडा घ्यावा. सभागृहात केलेल्या निवेदनाची नोंद राहते. मंत्र्यांनी तिथे दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले, हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणून शब्द मैदानात न घेता सभागृहात घ्यावा, लेखी घ्यावा, तारखेसह घ्यावा.

दुसरे, प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. कोणी, कोणत्या तारखेला, काय शब्द दिला, ते त्यात लिहावे. आपली शिकलेली मुले-मुली हे काम सहज करतील. मुदत संपली की माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. 2005 चा हा कायदा आहे. 10 रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. दावा नाकारला असेल तर कारण लेखी मागावे आणि 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जावे. केवळ उपग्रहाच्या चित्रावर दावा फेटाळता येत नाही. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही नियमाप्रमाणे पुरावा आहे. जंगलालगत राहणाऱ्या आपल्या बौद्ध कुटुंबांनाही हा कायदा लागू होतो, मात्र त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. तेव्हा म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या.

तिसरे माता-भगिनींसाठी. वनहक्काचा पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे द्यावा, असे कायदाच सांगतो. घरात पट्टा आला असेल तर तो काढून पाहा. त्यावर तुमचे नाव आहे काय? नसेल तर पहिला जाब सरकारला, आणि दुसरा घरात!

हे होऊ शकते, याला दाखलाही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभा चालवली, अभ्यास केला, कागद जपले. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. सरकार काही एकाएकी दयाळू झाले नव्हते. गावाने पिच्छा सोडला नाही.

आणि शेवटी आपल्याच घरातले थोडे. आपल्या पुढाऱ्यांनाही हाच गज लावायला हवा. आज एका व्यासपीठावर, उद्या दुसऱ्या व्यासपीठावर, आणि प्रत्येक ठिकाणी बाबासाहेबांचे नाव. त्यांना आपण कधी विचारले काय, की दादा, मागच्या वेळी शब्द दिला होता तो कुठे गेला? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील भक्ती माणसाला आणि देशाला अधोगतीकडे नेते. धर्मात भक्ती कुणी करो, राजकारणात ती हुकूमशाहीचा रस्ता मोकळा करते. आपण बाबासाहेबांचीच लेकरे असू, तर पुढारी आपला असला म्हणून त्याचे खोटे खरे होत नाही.

सुरगाण्याच्या त्या सोललेल्या पायांनी सरकारकडे भीक मागितली नव्हती, हिशेब मागितला होता. तो अजून पुरा झालेला नाही. पुढच्या वेळी कुणी मते मागायला दारात आला, तर त्याला पाणी जरूर द्या, बसायला सतरंजी टाका, आणि वही उघडून फक्त एकच प्रश्न विचारा: "दादा, मागच्या वेळचे काय उतरले ते आधी दाखवा."

जयभीम!